झेंडा, मोळ्या आणि सोरा : जोन ऑफ आर्कची श्रद्धा रणांगणावर नेमकी कशी चालली

प्रश्न असा आहे : जोन ऑफ आर्क खरोखर सेनानी होती, की फ्रेंच सरदारांनी सैन्यापुढे धरलेलं एक पवित्र निशाण? आणि तिला ऐकू येणारे ‘आवाज’ बाजूला ठेवले तर तिच्या लढायांचा हिशेब लागतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. नाही लागत. आवाज वगळले की १४२९च्या एप्रिल ते जुलैमधले तिचे निर्णय विक्षिप्त वाटू लागतात आणि त्यानंतरची तिची पडझड तर अजिबात कळत नाही. पण ‘देवाने सांगितलं म्हणून जिंकली’ एवढ्यावर थांबलं तरी काहीच कळत नाही. श्रद्धेने तिला दोन ठरावीक कामं नेमून दिली होती. ती कामं चालू असेपर्यंत तिचं नेतृत्व धारदार राहिलं. ती संपल्यावर तीच मुलगी, तेच धैर्य, तेच सैनिक असूनही गाडं रुतलं. माझ्या मते तिच्या लष्करी आयुष्याची किल्ली इथे आहे.

सुरुवात प्वातिए शहरातल्या चौकशीपासून करावी. मार्च १४२९मध्ये तिथे धर्मपंडितांनी तिला सुमारे तीन आठवडे तपासलं. एकाने विचारलं, देवाला फ्रान्सची सुटका करायचीच आहे, तर सैनिक कशाला हवेत? तिचं उत्तर होतं, सैनिक लढतील आणि जय देव देईल. ही हजरजबाबी गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण ती नीट वाचा. ती चमत्काराचं आश्वासन देत नाही, माणसं मागते आहे. पंडितांनी खूण दाखव म्हटल्यावर तिने सांगितलं, मी इथे खुणा दाखवायला आलेले नाही, मला ऑर्लेआँला न्या, तिथे दाखवीन. पंडितांसाठी हा सोयीचा मार्ग होता. मुलगी खरी की खोटी हे आता वाद घालून ठरवायचं नव्हतं, ऑर्लेआँला पडलेला इंग्रजांचा वेढा उठतो की नाही त्यावरून ठरणार होतं.

थोडी पार्श्वभूमी. १४२०च्या त्र्वाच्या तहाने फ्रेंच राजपुत्र शार्लचा वारसाहक्क काढून इंग्लंडच्या राजाला दिला होता. १४२२मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सचे दोन्ही राजे वारले आणि इंग्रजांच्या बाजूला जेमतेम नऊ महिन्यांचा सहावा हेन्री उरला. शार्ल लुआर नदीच्या दक्षिणेला टिकून होता, पण रँसच्या कथीड्रलमध्ये पवित्र तेलाने अभिषेक झाल्याशिवाय सामान्य फ्रेंच माणूस कुणाला पूर्ण राजा मानत नसे, आणि रँस शत्रूच्या मुलखात होतं. जोन १४१२च्या सुमारास म्यूज नदीकाठच्या दोम्रेमी गावी जन्मली. तेराव्या वर्षी, उन्हाळ्यात, भर दुपारी, वडिलांच्या बागेत पहिला आवाज ऐकू आला असं तिने पुढे स्वतःवरच्या खटल्यात सांगितलं. पुढे त्या आवाजांनी तिच्यावर सोपवलेलं काम दोन ओळींत मावणारं आहे : ऑर्लेआँचा वेढा उठव, आणि राजाला अभिषेकासाठी ने. अभिषेक होईपर्यंत ती शार्लला ‘राजपुत्र’च म्हणत असे असं साक्षीदार सांगतात. तिचं धार्मिक उद्दिष्ट आणि त्या घडीची सर्वांत शहाणी राजकीय चाल, दोन्ही एकच होतं. इंग्रजांना आपल्या बालराजाला फ्रान्सचा मुकुट घालायला १६ डिसेंबर १४३१ उजाडावं लागलं, आणि तोही पॅरिसमध्ये.

आता पदाविषयी. आपल्याकडे तिची तुलना हटकून झाशीच्या राणीशी होते. शौर्यापुरती ती ठीक आहे, पण अधिकाराच्या बाबतीत फसवी आहे. लक्ष्मीबाईंच्या मागे गादी होती, खजिना होता, हुकूम द्यायचा हक्क होता. जोनपाशी यातलं काही नव्हतं. ऑर्लेआँत हुकूम चालत होता दून्वा या फ्रेंच सेनापतीचा. जूनमधल्या लुआर मोहिमेचा सेनापती होता आलाँसाँचा ड्यूक, त्याने जोनच्या सल्ल्याने चालावं अशी राजाची सूचना होती. तिच्या हाताखाली स्वतःचं छोटं पथक होतं : झाँ दोलों हा शिलेदार, पास्केरेल हा पुरोहित, दोन हुजरे आणि सोबत दोघे भाऊ. तूर गावच्या चिलखतकाराला तिच्या चिलखतासाठी १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिल्याची आणि झेंडा रंगवणाऱ्याला २५ लिव्र दिल्याची नोंद राजाच्या हिशेबांत आहे. झेंडा पांढऱ्या कापडाचा, रेशमी झालरीचा, लिलीची फुलं विखुरलेला. वर येशू आणि मरिया ही नावं. खटल्यात विचारलं तेव्हा ती म्हणाली की तलवारीपेक्षा झेंडा मला चाळीसपट प्रिय, आणि हल्ल्याच्या वेळी तो मी स्वतः धरायचे तो कुणाला ठार मारावं लागू नये म्हणून. आपल्या हातून कुणी मेलं नाही असंही तिने सांगितलं. चित्रांत तिच्या हातची रक्ताळलेली तलवार दिसते, ती तिच्या स्वतःच्या जबानीशी जुळत नाही.

मग हुकुमाचा हक्क नसलेल्या मुलीचं ऐकलं कसं जायचं? इथे श्रद्धेची कामगिरी अगदी व्यावहारिक होती. ब्ल्वाला फौज जमत असताना तिने पास्केरेलकडून क्रुसावरच्या येशूचं चित्र असलेला एक वेगळा झेंडा करवून घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ त्या झेंड्याखाली पुरोहित जमत, स्तोत्रं म्हणत, आणि त्या दिवशी पापनिवेदन केलेल्या सैनिकांनाच त्यांच्यात उभं राहता येई. छावणीत शिव्याशाप बंद, सैनिकांमागून फिरणाऱ्या बायकांना हाकललेलं, लुटीच्या अन्नाला ती स्वतः हात लावत नसे. ला हिरसारखा तोंडाळ, रांगडा सरदारही तिच्यासमोर जीभ आवरायचा. ही सारी सोवळ्या-ओवळ्याची हौस समजू नये. त्या काळची फ्रेंच फौज म्हणजे वेगवेगळ्या सरदारांच्या टोळ्या. पगार अनियमित, त्यामुळे लूट हाच पगार, आणि लुटीला पांगलेली फौज वेळेवर हल्ल्याला उभी राहत नाही. दिवसातून दोनदा एका झेंड्याखाली हजेरी लागू लागली की सैनिकाची निष्ठा टोळीच्या नायकावरून एका सामाईक कामाकडे सरकते. ज्या लष्कराला कवायत माहीत नव्हती तिथे प्रार्थनेने कवायतीचं काम केलं. दून्वाने पुढे साक्ष दिली की आधी २०० इंग्रज ८०० ते १००० फ्रेंचांना पळवून लावत, आणि तिच्यानंतर ४०० ते ५०० फ्रेंच जवळपास सगळ्या इंग्रजी ताकदीसमोर उभे ठाकू शकत. आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण अनुभवी सेनापतीला फरक कुठे जाणवला ते त्यातून कळतं.

ऑर्लेआँचा वेढा १२ ऑक्टोबर १४२८पासून चालू होता. शहर लुआरच्या उत्तर काठावर, पुलाच्या दक्षिण टोकाला ‘तुरेल’ हा जोडबुरूज, आणि तो इंग्रजांच्या ताब्यात. त्यांच्या बहुतेक गढ्या पश्चिमेला होत्या. शहर सगळीकडून आवळायला माणसं पुरत नव्हती, म्हणून पूर्वेची बाजू विरळ राहिली होती. एप्रिलमध्ये इंग्रजांना साथ देणारे बर्गंडीचे लोकही निघून गेले. फ्रेंचांची अडचण माणसांच्या संख्येपेक्षा मनाची होती. फेब्रुवारीत इंग्रजांची रसद लुटायला गेलेली फौज रूव्रेला स्वतःच मार खाऊन परतली होती आणि त्यानंतर सरदारांची हल्ला करायची छाती होत नव्हती.

२९ एप्रिलला जोन रसदीसह पोचली आणि पहिल्याच भेटीत दून्वावर संतापली. तिला थेट इंग्रज सेनापती टॅल्बटच्या गढ्यांवर जायचं होतं, आणि आणलं होतं नदीच्या दुसऱ्या काठाने, वळसा घालून. इथे दून्वाचं बरोबर होतं. रसद आधी आत जाणं गरजेचं होतं आणि उत्तरेकडून जाताना इंग्रजी गढ्यांच्या तोंडी जावं लागलं असतं. श्रद्धेची धार इथे उलटी लागते : जिला निकाल ठाऊक आहे तिला वळसा म्हणजे कच खाणं वाटतं. वारा प्रतिकूल असल्याने होड्या प्रवाहाविरुद्ध वर चढेनात. मग वारा फिरला आणि माल आत गेला. दून्वाने तो देवाचा कौल मानला.

पुढचे दिवस तारीखवार बघण्यासारखे आहेत. ४ मे रोजी पूर्वेची सेंत-लूची गढी पडली, म्हणजे शहराची पूर्व वाट मोकळी झाली. ५ मेला येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. तिने शस्त्र धरलं नाही, बाणाला चिठ्ठी बांधून इंग्रजांना निघून जायला बजावलं. ६ मेला दक्षिण काठावरचा ऑगस्तँ मठ घेतला. त्या संध्याकाळी सरदारांनी ठरवलं की झालं तेवढं पुष्कळ, आता कुमक येईपर्यंत थांबू. निरोप घेऊन आलेल्याला ती म्हणाली, तुम्ही तुमच्या मसलतीत होतात, मी माझ्या मसलतीत. ७ मेला सकाळपासून तुरेलवर सुलतानढवा. मान आणि खांद्याच्या मधे तिला बाण लागला. काही सैनिकांनी मंत्र टाकून जखम बांधायची तयारी दाखवली. ते पाप आहे, त्यापेक्षा मरण बरं, असं सांगून तिने ऑलिव्ह तेल आणि चरबी लावून घेतली. श्रद्धा आणि जादूटोणा यांच्यातली तिची रेघ किती स्पष्ट होती ते इथे दिसतं, आणि पुढे तिच्यावर चेटकाचे आरोप झाले तेव्हा ही साक्ष लक्षात ठेवावी. सांज झाली तशी दून्वा माघारीचा कर्णा वाजवणार होता. तिने थोडं थांबायला लावलं, जवळच्या द्राक्षमळ्यात काही मिनिटं प्रार्थना केली, परत येऊन झेंडा खंदकाच्या कडेला नेला. झेंडा तटाला टेकतोय असं दिसताच लोक शिड्यांवर तुटून पडले. त्याच वेळी शहरवासीयांनी पुलाच्या तुटलेल्या कमानीवर फळ्या टाकून मागून हल्ला केला. ग्लासडेल हा इंग्रज नायक चिलखतासह नदीत पडून बुडाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उरलेले इंग्रज मैदानात रांगा लावून उभे राहिले. तिने हल्ल्याला मनाई केली : आज रविवार, ते लढले तर लढा, निघाले तर जाऊ द्या. ते निघाले. मोकळ्या मैदानात इंग्रजी धनुर्धरांच्या तयार रांगांवर धावून जाणं याच चुकीपायी फ्रेंचांनी आधीच्या पिढीत ॲजिनकोर्टची लढाई गमावली होती. तिचा हेतू धार्मिक होता, पण निर्णय लष्करी दृष्टीनेही बिनचूक निघाला.

एवढ्यावरून ती केवळ प्रेरणा देणारी होती असं वाटेल. पण आलाँसाँची साक्ष वेगळं सांगते. इतर बाबतींत ती साधी, कोवळी मुलगी होती. पण भाला चालवणं, फौज जमवणं, व्यूह लावणं आणि विशेषतः तोफा मांडणं यात वीस-तीस वर्षं लढलेल्या नायकासारखी. तोफांचं कौशल्य तिने कुठून घेतलं? तोफ तेव्हा नवं शस्त्र होतं, जुन्या सरदारांच्याही हाडीमासी मुरलेलं नव्हतं. तिथे घोडेस्वारीसारखा बालपणापासूनचा सराव लागत नाही. कुठली भिंत कच्ची, कोन कसा, गोळा कुठे पडतो एवढं बघणारा डोळा लागतो. १२ जूनला जारजोत हल्ल्याची घाई होते आहे असं आलाँसाँला वाटलं. ती म्हणाली, तुम्ही करा, देव करील. पुढे शिडीवर असताना शिरस्त्राणावर धोंडा आदळून ती खाली पडली आणि तशीच उठली. जारजो, मंग, बोजांसी आणि १८ जूनला पाते : आठवड्याभरात लुआरचा काठ मोकळा झाला, टॅल्बट कैद झाला. पातेला धनुर्धर आपले टोकदार खुंट रोवून व्हायच्या आत फ्रेंच घोडदळ त्यांच्यावर पोचलं. बिनीला ला हिर आणि इतर होते, जोन मागच्या फळीत. त्या विजयाचं श्रेय तिला एकटीला देऊ नये. तिचा वाटा होता तो पाठलाग न सोडण्याच्या आग्रहाचा.

त्र्वाचा प्रसंग माझ्या दृष्टीने तिच्या पद्धतीचा सर्वोत्तम नमुना आहे. रँसच्या वाटेवर हे शहर दार उघडेना, फौजेपाशी अन्न नव्हतं, राजाचं मंडळ परत फिरायच्या विचारात. दोन-तीन दिवसांत शहर मिळवून देते, असं तिने ठामपणे सांगितलं. आणि लगेच रात्रभर राबून तोफा पुढे आणवल्या, खंदक भरायला काटक्यांच्या मोळ्या बांधवून घेतल्या. सकाळी शहराने तटावरून मोळ्यांचे ढीग पाहिले आणि बोलणी सुरू केली. विश्वासाचा शब्द आणि मोळ्यांचा ढीग, यातलं एक काढलं तर दुसरं लुळं पडतं. १७ जुलै १४२९ला रँसमध्ये अभिषेक झाला. शार्लच्या जवळ तिचाच झेंडा का, असं खटल्यात विचारल्यावर ती म्हणाली, झेंड्याने कष्ट सोसले होते, त्याला मान मिळणं रास्त होतं.

इथून पुढे मात्र सूर बदलतो, आणि लोकप्रिय चरित्रं इथेच घाई करतात. दोन्ही कामं झाली होती. राजाला आता बर्गंडीशी तह हवा होता, तिला पॅरिस. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, सेंत-ओनोरे वेशीवर हल्ला झाला. पाण्याने भरलेल्या खंदकाची खोली ती भाल्याने चाचपत होती तेव्हा मांडीत बाण घुसला. दुसऱ्या दिवशी राजाने माघार फर्मावली, पुन्हा हल्ल्यासाठी बांधलेला पूलही मोडवला, आणि २१ सप्टेंबरला फौज विसर्जित केली. सणाच्या दिवशी हल्ला का केलास हा प्रश्न न्यायाधीशांनी तिला मुद्दाम विचारला. ऑर्लेआँत सण पाळणारी तीच. तिने कबूल केलं की पॅरिसवर जायचं ते सरदारांच्या इच्छेने, आवाजांच्या आज्ञेने नव्हे. ला शारितेबद्दलही तेच.

ला शारिते-स्यूर-लुआर हा वेढा श्रद्धेच्या मर्यादा दाखवतो. गढी एका मुरलेल्या भाडोत्री नायकाच्या हाती, हिवाळा तोंडावर, खजिना रिकामा. ९ नोव्हेंबर १४२९ला तिने रिओं शहराला पाठवलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तोफेची दारू, ती बनवायला सोरा आणि गंधक, बाण आणि भक्कम आडधनुष्यं मागितली आहेत. खाली ‘जेहान’ ही तिची सही, अक्षरओळख नसलेल्या मुलीने गिरवून शिकलेली. क्लेर्माँ शहराने दोन क्विंटल सोरा, एक क्विंटल गंधक आणि बाणांच्या दोन पेट्या पाठवल्या. तो जुना क्विंटल शंभर पौंडांचा, म्हणजे आजच्या अर्ध्याच्या आसपास. सगळं मिळून दीडेकशे किलो. मोठ्या तोफांना एवढा माल पुरत नाही. महिन्याभरात पैसा आणि अन्न संपलं, तोफा तिथेच टाकून वेढा उठवावा लागला. या वेढ्याच्या थोडंच आधी सेंत-प्येर-ल-मूत्येला चार-पाच माणसांनिशी खंदकाशी उभी राहून, माझ्यासोबत पन्नास हजार आहेत, मोळ्या आणा, असं ओरडून तिने हल्ला जिंकून दिला होता. तिथे एका तासाचं धैर्य पुरे होतं. ला शारितेला दर आठवड्याची रसद हवी होती, आणि ती देणारा राजा मागे उभा नव्हता.

१४३०च्या ईस्टरच्या आठवड्यात मेलँच्या खंदकावर असताना आवाजांनी सांगितलं की सेंट जॉनच्या दिवसाआधी (२४ जून) तू पकडली जाशील. हे कळल्यानंतर युद्धाच्या बाबतीत आपण बहुतेक नायकांच्या मतावरच सोडू लागलो, असं तिने न्यायालयात सांगितलं. या एका वाक्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ज्या खात्रीने ती दून्वाला झुकवत होती ती गेली, आणि तिच्यासोबत तिचा हुकूमही गेला, कारण पदाचा आधार मुळातच नव्हता. २३ मेला काँपिएन्य शहराबाहेरच्या छाप्यात ती मागे राहून माघार सांभाळत होती; वेशीचा पूल उचलला गेला आणि ती बर्गंडीच्या लोकांच्या हाती सापडली. इंग्रजांनी तिला त्यांच्याकडून १०,००० लिव्रना विकत घेतलं.

वाचताना काय जपावं? दोन खटल्यांची कागदपत्रं हा आपला मुख्य आधार, आणि दोन्हींना दिशा आहे. १४३१चा रूआँचा खटला तिला पाखंडी ठरवण्यासाठी होता. १४५५-५६चा तो निकाल रद्द करण्यासाठी, पंचवीस वर्षांनी, जिंकलेल्या राजाच्या सावलीत. दून्वा आणि आलाँसाँ या दुसऱ्यात बोलतात, म्हणून त्यांच्या कौतुकातून थोडं वजा करावं. जिथे ते स्वतःला कमीपणा येईल असं सांगतात, जसं दून्वाचं माघारीचं ठरवणं, तिथे विश्वास वाढवावा. पहिल्या खटल्यात तिची उत्तरं शत्रूच्या लेखनिकांनी टिपली आहेत, तरी त्यांत तिचा आवाज ओळखू येतो. सुरुवातीला ती फक्त ‘आवाज’ आणि ‘प्रकाश’ एवढंच बोलते. कॅथरीन, मार्गरेट, मायकल ही संतांची नावं खोदून विचारल्यावर येतात. ती पहिल्यापासून याच नावांनी ओळखत होती की प्रश्नांनी उत्तरांना आकार दिला, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. ‘चेटकीण म्हणून जाळली’ हेही दुरुस्त करावं : ३० मे १४३१ला तिला जाळलं ते पाखंडात पुन्हा पडल्याच्या ठपक्यावरून, आणि त्यात पुरुषी पोशाख पुन्हा घातल्याचा मुद्दा मोठा होता.

सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नावर, ती सेनानी होती की निशाण, तिचं स्वतःचं म्हणणंही नोंदलेलं आहे. २२ मार्च १४२९ला तिने इंग्रजांना धाडलेलं पत्र न्यायालयात वाचून दाखवलं, त्यात तिने स्वतःला ‘युद्धाची नायक’ म्हटलं होतं. ती म्हणाली, हे शब्द माझे नाहीत, आणि ‘कुमारिकेच्या (म्हणजे माझ्या) स्वाधीन करा’ नव्हे, ‘राजाच्या स्वाधीन करा’ असं मी सांगितलं होतं. पुढे आरोपपत्रात तोच मुद्दा पुन्हा आला, तेव्हा मात्र तिने उत्तर दिलं : मी युद्धाची नायक असलेच, तर ती इंग्रजांना हाणायला.